चाकावरचं बोट

…तर एकूण त्रेचाळीस. काल इथवर आलो होतो आपण. संध्याकाळी सातला सून कामावरून आली, खांद्यावरची बॅग सोफ्यावर टाकली, कॉम्प्युटरकडं बघितलं आणि बघतच राहिली. फायरफॉक्सच्या एकाच खिडकीत त्रेचाळीस पानं उघडलेली. वरची टॅबांची रांग पडद्याबाहेर गेलेली. आणि त्यातली एकोणचाळीस पानं एकाच बातमीची! बातमी तरी काय, तर विट्याच्या एसटी स्टँडला नवीन फरशी बसली.

"आई, हे काय?" सुनेनं विचारलं.

"तेच मी मगापासून विचारतेय," पद्मिनीबाई म्हणाल्या. "दाबतेय, दाबतेय, पण उघडतच नाही."

"उघडत नाही? एकोणचाळीस वेळा उघडलंय!"

"मग मला एकदाही दिसलं कसं नाही?"

काल जे चहा येण्याआधीच उठून गेले, त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. पद्मिनीबाई म्हणजे विट्याच्या पोस्टातल्या. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची नऊ पोस्टमास्तर म्हणून. निवृत्त झाल्या, मालक वारले, आणि दोन हजार सहा साली मुलगा निमिष त्यांना कॅलिफोर्नियात घेऊन आला. फ्रीमाँट गावात त्याचं घर. घर म्हणजे एकाला एक खेटून अशी आठ घरं, आठांचे दरवाजे सारखे, रंग सारखा. पहिल्या महिन्यात बाई दोनदा शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावून आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या दाराला तोरण बांधलं आणि प्रश्न मिटवला.

पत्त्याच्या बाबतीत त्या अशाच. विट्याला एकदा पाकीट आलं, वर पत्ता एवढाच: "बाबू, पिवळ्या दाराचं घर, विटा." पोस्टमन म्हणाला, परत पाठवा. बाईंनी ते पाकीट शेवटच्या ढिगात ठेवलं. त्यांची पद्धतच तशी होती. थैली आली की आधी सगळी टेबलावर उपडी करायची, वाडीवार ढीग लावायचे, आणि ज्याचं काही कळत नाही ते शेवटच्या ढिगात. सगळं वाटून झालं की मग त्याच्याकडं वळायचं. तर दुपारी त्या उठल्या आणि थेट रंगाच्या दुकानात गेल्या. "यंदा पिवळा रंग कुणी कुणी नेला?" दुकानदारानं तीन नावं सांगितली. तिसऱ्या घरी बाबू सापडला. पाकिटात बडोद्याच्या गिरणीचं नोकरीचं बोलावणं होतं. पुढं तो बाबू तिथं फोरमन झाला आणि दर दिवाळीला बाईंना पत्र टाकत राहिला. पत्ता पूर्ण लिहून, बरं का.

अशी ती बाई. खिडकीच्या गजांमागं बसायची आणि दिवसभर समोर माणसांची रीघ. "बाई, एवढं वाचून दाखवा." "बाई, लेकाला कळवा, म्हैस व्याली." "बाई, हा फॉर्म कुठनं सुरू करू?" आणि फ्रीमाँटला? निमिष सातला निघून फ्रीवेवर लागायचा, सून नैना साडेसातला. मग संध्याकाळपर्यंत घरात फ्रिज तेवढा बोलायचा. लेक-सून चांगली होती, त्यात शंका नाही. रोज विचारायची, जेवलात का, गोळी घेतली का, थंडी वाजत नाही ना. पण "बाई, मला हे जमत नाही, तेवढं करून द्या," असं दोन वर्षांत त्यांना एका माणसानं म्हटलं नव्हतं. आणि एकतीस वर्षं ज्यानं तेच ऐकलंय त्याला ते ऐकल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

म्हणून ती खुर्ची.

तळ्याकाठी म्हाताऱ्या माणसांसाठी एक केंद्र होतं. तिथं दोन हजार आठच्या सप्टेंबरात आठ आठवड्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या मिसेस डिलेनी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, दर मंगळवारी दहा ते बारा इथं एक मदतनीस बसतो, कुणाला कॉम्प्युटरची अडचण आली तर सोडवतो. बसणारे गृहस्थ लेकीकडं ॲरिझोनाला गेलेत. वर्ग संपताना एक परीक्षा घेऊ. जो पहिला येईल त्याला मंगळवारची खुर्ची.

बाईंनी वळून पाहिलं. कोपऱ्यात एक टेबल. टेबलामागं एक खुर्ची, टेबलापुढं दोन. विट्याची खिडकीच ती, फक्त गज नव्हते. त्या क्षणी बाईंनी मनाशी ठरवलं, ही खुर्ची आपली.

पण खुर्ची आणि बाई यांच्यामध्ये एक बोट आडवं आलं. उजव्या हाताचं पहिलं बोट. तर्जनी.

झालं असं की बाई चौदा वर्षांच्या असताना त्यांच्या आत्यानं त्यांना जपाची माळ दिली. आत्या कडक. म्हणाली, "पदे, मणी ओढायचा तो मधल्या बोटावरून, अंगठ्यानं. पहिलं बोट माळेला लागू द्यायचं नाही. ते बोट दुसऱ्याच्या चुका दाखवायचं, त्याला देवाच्या कामात घ्यायचं नसतं." आणि सवय लागेपर्यंत सहा महिने त्या बोटाला हळदीचा दोरा बांधून ठेवला. तेव्हापासून त्रेपन्न वर्षं, रोज पहाटे अकरा माळा. हिशेब तुम्हीच करा किती मणी झाले ते. हाताला आता सांगावं लागत नव्हतं. बोटाखाली गोल, फिरणारं काही आलं की मधलं बोट त्यावर टेकायचं, अंगठा शेजारी यायचा आणि तर्जनी आपोआप हवेत उभी राहायची.

आणि माउसच्या मधोमध असतं काय? चाक.

निमिषनं पहिल्या दिवशी माउस हातात दिला तेव्हा बाई खूश झाल्या होत्या. "अरे, ही तर माळच!" चाक सर्रसर्र फिरवत पान वर-खाली करायला त्या पाच मिनिटांत शिकल्या. पानाचा शेवट आला की म्हणायच्या, "मेरुमणी आला," आणि उलट फिरवायला लागायच्या, कारण मेरुमणी ओलांडायचा नसतो. भानगड व्हायची ती दाबण्याची वेळ आली की. डावं बटण दाबायचं तर तर्जनीनं. तर्जनी तर हवेत. मग मधलं बोट जिथं असेल तिथंच दाबायचं, म्हणजे चाकच. आणि चाक दाबलं की तो ब्राउझर निराळंच वागतो. दुव्यावर, म्हणजे लिंकवर, दाबलं तर पान नव्या टॅबमध्ये, मागच्या मागं उघडतो. समोरचं पान जागचं हलत नाही. म्हणून बाईंना वाटायचं, उघडलंच नाही, आणि त्या पुन्हा दाबायच्या. कोऱ्या जागी दाबलं तर एक गोल खूण उमटते, आणि मग हात जरा हलला की पान सुसाट पळत सुटतं. आणि वरच्या टॅबवर दाबलं तर तो टॅबच बंद. निमिषची अर्धी लिहिलेली एक ईमेल त्यात गेली होती.

"आई, पहिलं बोट वापर ना. सिंपल आहे," निमिष म्हणायचा.

"तुला सिंपल. तू माळ कधी ओढलीस?"

आता तुम्ही म्हणाल, मधलंच बोट सरकवून डाव्या बटणावर ठेवायचं, त्यात काय! निमिषनं तेही करून पाहिलं. पण दावं सुटलेली गाय जशी आपल्याच गोठ्याकडं जाते, तसं ते बोट पुन्हा चाकावर यायचं. शेवटी निमिषनं हात टेकले. जाता जाता एवढंच म्हणाला, "आणि आई, ते मधलं बोट एकटं वर करून कुणाला दाखवू नकोस. इथं त्याचा अर्थ फार वाईट होतो."

"मी कशाला दाखवू? मी तर पहिलं वर करते."

असो. तर त्रेचाळीस पानांच्या त्या संध्याकाळी नैना बाईंच्या शेजारी बसली. नैना मूळची डोंबिवलीची, आणि तिचं कामच असं की दुसऱ्यांनी बनवलेले प्रोग्राम वापरून बघायचे आणि कुठं बिघडतात ते शोधायचं. ती म्हणाली, "आई, एकदा परत करून दाखवा. हळू." बाईंनी दाखवलं. नैना हातच बघत होती. तर्जनी उभी, मधलं बोट चाकावर.

"यार, आम्ही टेस्टिंगला दहा-दहा माणसं बसवतो, कुणाला हे सुचत नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणजे टेस्टरचं स्वप्न आहात."

"म्हणजे मी बिघडवते असंच ना?"

"नाही हो. मशीनला माणसं कळली नाहीत, हे तुम्ही दाखवता. थांबा, त्यालाच बदलू. तुमचं बोट कशाला बदलायचं?"

बाईंना हे वाक्य फार आवडलं. पुढं त्या ते कितीतरी जणांना ऐकवायच्या.

नैनानं पत्त्याच्या जागी काहीतरी लिहिलं, आणि पडद्यावर एक पिवळी त्रिकोणी खूण आली. ब्राउझरच्या पोटात हात घालायचा असेल तर आधी तो दम देतो. आणि खाली एकच बटण, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. बाईंनी चष्मा सावरून वाचलं. पोस्टातलं इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं.

"हे तर शपथ घ्यायला सांगतंय! मी जपून वागेन, शपथ घेते, असं लिहिलंय."

"हो, सगळे दाबतात ते. वाचत पण नाही कुणी."

"न वाचता शपथ?" बाईंनी नैनाचा हात धरला. "कोण घेणार ही? तू का मी?"

"आई, ते फक्त गमतीनं—"

"गमतीनं शपथ नसते. तू हात घालणार आहेस, तूच घे. आणि जपून वाग."

मग नैनानं, वर्षाला शेकडो वेळा ते बटण दाबणाऱ्या नैनानं, देवघराकडं तोंड करून "जपून वागेन" म्हटलं आणि मगच दाबलं. आत यादी होती, मारुतीच्या शेपटीएवढी. त्यातली एक ओळ शोधून तिनं "हो"चं "नाही" केलं; चाक दाबल्यावर पान पळणं थांबलं. मग एक छोटासा जोड-प्रोग्राम उतरवून घेतला, आणि चाक दाबलं की दुवा तिथल्या तिथं, समोर उघडायला लागला. बाईंनी एसटी स्टँडची बातमी दाबली. बातमी उघडली. फरशीचा फोटोसुद्धा दिसला.

"चांगली बसवलीय," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरी बाईंची गाडी सुसाट. पण केंद्रात? केंद्रातली मशीनं कुलूपबंद. कुणी काही बदललं तरी संध्याकाळी सगळं होतं तसं. तिथं बाई चाक दाबायच्या, पान पळायचं, आणि मिसेस डिलेनी मागून येऊन त्यांची तर्जनी दोन बोटांत धरून डाव्या बटणावर ठेवायच्या. "हे बोट, डिअर." पाठ वळली की बोट पुन्हा हवेत.

शेजारच्या मशीनवर गुरुनाथराव बसायचे. नागपूरचे, वीज मंडळातून एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून निवृत्त. त्यांनाही ती खुर्ची हवी होती आणि ते लपवतही नव्हते. हात भलता चपळ. टक् टक् टक्, एकदा दाबायचं तिथं तीनदा दाबायचे. मनाचे मोकळे. बसला उशीर झाला की बाईंना गाडीनं घरी सोडायचे आणि वाटेत चिडवायचे.

"काहून हट्ट करता ताई? एका बोटापायी खुर्ची घालवता."

"बोट घालवून खुर्ची मिळाली तर बसायचं कुणी?"

"अहो, तर्जनी लावली तर पाप नाही लागत नं!"

"पाप नाही हो. पण तिची खोड वाईट. आता बघा ना, तुम्ही माझ्याशी बोलताना तीच नाचवताय."

गुरुनाथरावांनी बोट मुकाट्यानं स्टिअरिंगवर ठेवलं.

परीक्षेला नऊ दिवस राहिले. बाईंनी दोन दिवस प्रामाणिकपणे तर्जनी वापरून पाहिली, खोटं कशाला बोला. पण बाण तिसऱ्याच जागी जायचा. वर दुसऱ्या दिवशी पहाटे जपाला बसल्या तर हाताचाच गोंधळ, कुठलं बोट ठेवायचं आणि कुठलं उचलायचं. सातव्या माळेला त्या थांबल्या. त्रेपन्न वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माळ पिशवीत ठेवली, स्वयंपाकघरात आल्या. नैना डबा भरत होती.

"नैना, तू त्या मशीनमध्ये जे बदललंस ते काढून टाक."

नैनाचा चेहरा पडला. "का? त्रास देतंय?"

"नाही गं. त्यानं इथं सगळं गोड चाललंय. पण केंद्रातलं मशीन बदलत नाही आणि माझं बोटही बदलत नाही. मग एकमेकांचा स्वभाव तरी कळायला हवा की नाही? मला सांग, हे चाक दाबलं की ते असं का वागतं? वेडं म्हणून? का त्याच्या मनात काही आहे?"

नैना डबा तसाच ठेवून हसायला लागली. "आई, वेडं नाही. ती सोय आहे. आम्ही ऑफिसात सगळे तेच वापरतो. एका पानावर दहा दुवे असले तर दहाही दाबून ठेवायचे. पानं मागं उघडत राहतात, आपण समोरचं वाचत बसायचं."

"म्हणजे थैली उपडी करायची."

"काय?"

"थैली! सगळी टपालं आधी ढिगात लावायची, मग एकेक उचलायचं. हेच ना?" बाई खुर्चीवर बसल्या. "आणि मी येडी, पहिल्याच पाकिटापाशी अडून एकोणचाळीस वेळा दार ठोठावत बसले!"

मग काय विचारता! रोज संध्याकाळी सासू-सुनेचा वर्ग. डाव्या हातानं कीबोर्डवरच्या दोन कळा दाबून एका टॅबवरून दुसऱ्यावर जायचं. डाव्या हाताला जपात काम नसतं, त्यामुळं त्याला सोवळंही नाही. पान वाचून झालं की त्याच्या टॅबवर चाक दाबायचं, टॅब बंद, पुढचा समोर हजर. "पोचलं पत्र, ढिगातून गेलं," बाई म्हणायच्या. पान उघडायला वेळ लागला तर, "हा बाबू. शेवटच्या ढिगात." कोऱ्या जागी मात्र बोट चुकूनही दाबायचं नाही, नाहीतर पान पळतं. फॉर्म भरायचाही सराव केला, कळांनीच एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत उडी मारत. पण फॉर्मच्या शेवटी नाव नोंदवायचं बटण आलं की बाई हात मागं घ्यायच्या.

"दाबा ना, आई. सराव आहे."

"मला पोहण्याच्या वर्गाला जायचंय का? मग खोटं नाव कशाला नोंदवायचं? कुणीतरी तिकडं माझी वाट बघत बसेल."

तेवढंच एक बटण राहून गेलं. आणि जे राहतं तेच नेमकं परीक्षेत येतं. आमच्या गावच्या शाळेतही हाच नियम होता.

परीक्षा शुक्रवारी, ऑक्टोबरच्या शेवटी. आठ जण, आठ मशीनं, आणि आठांना मिळून इंटरनेटची एकच बारीक धार. पडद्यावर एक पान, त्यावर सात दुवे. एकेक पान उघडायचं, त्यातून एकेक उत्तर शोधून कागदावर लिहायचं. लायब्ररी रविवारी किती वाजता उघडते, तळ्याकडनं शेवटची बस किती वाजता सुटते, फ्लूची लस कुठल्या वारी, असलं. सातवं म्हणजे फॉर्म: केंद्राच्या चालण्याच्या गटात आपलं नाव नोंदवा. वेळ वीस मिनिटं. नैना मुद्दाम अर्धी रजा टाकून आली होती आणि काचेच्या दाराबाहेर उभी होती.

मिसेस डिलेनींनी घड्याळ लावलं. गुरुनाथराव सुटले. टक् टक् टक्. पण आठही जण एकदम सुटल्यावर ती बारीक धार तुंबली. दाबलं की थांबायचं, पान आलं की वाचायचं, मागं फिरायचं, पुन्हा थांबायचं. गुरुनाथराव तीनदा दाबायचे, म्हणजे ते पान तीनदा सुरुवातीपासून यायला लागायचं.

बाईंनी काय केलं? मधलं बोट चाकावर. पहिला दुवा, दाब. दुसरा, दाब. तिसरा. समोर काही हललं नाही, पण आता त्यांना ठाऊक होतं की मागं ढीग लागतोय. सात दाबले आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. डोळे मिटले, अंगठा मधल्या बोटावर हळूहळू सरकायला लागला.

दाराबाहेर नैनानं कपाळाला हात लावला.

मिसेस डिलेनी जवळ आल्या. बरं वाटतंय ना, असं त्यांनी वाकून विचारलं.

"सॉर्टिंग, मॅडम," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"झोपल्या काय ताई?" गुरुनाथराव कुजबुजले. "मी तिसऱ्यावर आहे!"

"असा हो तिसऱ्यावर. थैली येऊ दे."

एका माळेएवढा वेळ गेला असेल. बाईंनी डोळे उघडले, डाव्या हातानं त्या दोन कळा दाबल्या, आणि बघतात तर लायब्ररीचं पान टेबलावर मांडल्यासारखं तयार! वाचलं, लिहिलं, टॅबवर चाक दाबलं, गेलं. बस आली. वाचली, लिहिली, गेली. चौथं पान कोरंच होतं. "बाबू," म्हणून पुढं. पाच, सहा. बाबूकडं परत आल्या तोवर तोही येऊन बसलेला. बारा मिनिटांत सहा उत्तरं. गुरुनाथराव तेव्हा पाचव्याची वाट बघत पडद्याला "अबे चल नं" म्हणत होते.

राहिला फॉर्म. नाव भरलं, पत्ता भरला, अगदी पिनकोडसकट, आणि अक्षर न् अक्षर दोनदा तपासलं. पोस्टातल्या बाईचा फॉर्म तो. सोळा मिनिटं झाली. आता खालचं बटण. यावेळी नोंदणी खरी होती. चालायला त्या जाणारच होत्या. बाण बटणावर नेला, चाक दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. बाईंनी वर बघितलं, मागं नवीन टॅब उघडलाय का. नाही. दुवे चाकाला दाद देतात, पण असलं बटण देत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिथवर त्या कधी पोचल्याच नव्हत्या. अठरा मिनिटं झाली. गुरुनाथराव सहावं लिहून फॉर्मवर आले. त्यांची नजर बाजूला गेली, आणि एका क्षणात त्यांना सगळं कळलं. माणूस स्पर्धेत होता, पण दिलदार. ते हळूच म्हणाले, "ताई, पहिलं बोट! एकदाच! देव काही बघत नाही."

"तोच तर एक बघतो," बाई म्हणाल्या. पण तर्जनीकडं त्यांनी पाहिलं. खुर्ची कोपऱ्यात होती, टेबलामागं, रिकामी. बोट हळूहळू खाली आलं आणि माउसच्या डाव्या बटणापासून जवभर अंतरावर थांबलं.

दाराबाहेरची नैना ओरडू शकत नव्हती. तिला काहीच दिसत नव्हतं, फक्त सासूची पाठ. पण बाईंना त्या घडीला तिचाच हात आठवला. नैना काहीही लिहून झालं की शेवटी करंगळीनं एक कळ हाणते. कीबोर्डच्या उजव्या बाजूची मोठी, एंटरची. काम संपलं, जाऊ दे, अशी. पोस्टात पत्र पुढं जाण्याआधी शेवटी काय करायचं असतं? शिक्का मारायचा!

बाईंनी माउस सोडला, मूठ वळली, आणि ठप्प!

सात जणांनी दचकून माना वळवल्या. पडद्यावरचा फॉर्म गेला आणि तिथं आलं, आभारी आहोत, पद्मिनी, तुमचं नाव नोंदलं आहे. एकोणीस मिनिटं आणि काही सेकंद. गुरुनाथराव अजून पत्त्याच्या चौकटीत होते, आणि तिथंच त्यांना घंटेनं गाठलं.

मिसेस डिलेनींनी कागद तपासला. सातही बरोबर. मग त्या बाईंच्या मशीनपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, आता पुन्हा कर, मला दाखव. बाईंनी दाखवलं. दुवा, दाब, मागं ढीग. गणिताच्या बाईंनी चाकावर स्वतःचं मधलं बोट ठेवून पाहिलं, दोनदा दाबलं, आणि "बारा वर्षं शिकवतेय मी हे," एवढंच म्हणून कितीतरी वेळ मान हलवत राहिल्या. नैना आत आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम.

"मूठ कुणी मारायला सांगितली, आई? कीबोर्ड तुटला असता!"

"तू रोज करंगळी मारतेस तेव्हा नाही तुटत?"

गुरुनाथरावांनी वाकून नमस्कार केला, अर्धा चेष्टेचा आणि अर्धा खरा. "हरलो बापा. मंगळवारी खुर्ची तुमची."

तेवढ्यात मिसेस डिलेनींना एक काळजी पडली, आणि ती रास्तच होती. मंगळवारी येणारी माणसं पंच्याहत्तर-ऐंशीची, पहिल्यांदा माउस धरणारी. वर्गात तर्जनी शिकवतात, आणि खुर्चीवर बसणार पद्मिनी. तू त्यांना कुठलं बोट वापरायला सांगशील, असं त्यांनी विचारलं. एवढं सांगायला बाईंचं पोस्टातलं इंग्रजी पुरेना. मग त्यांनी गुरुनाथरावांना जवळ बोलावलं, मी सांगते ते शब्द न बदलता इंग्रजीत सांगा म्हणून बजावलं, आणि म्हणाल्या:

"बोट मी नाही सांगणार. आधी म्हणेन, हात इथं टेबलावर ठेवा आणि मला सांगा, आजवर या हातानं काय केलंत? कुणी ट्रक चालवला असेल, कुणी गाई पिळल्या असतील, कुणी बाजाची पेटी वाजवली असेल. ते कळलं की कुठलं बोट ते हातच सांगेल. आणि गुरुनाथराव, हेही सांगा तिला, की पहिल्या मंगळवारी पहिला नंबर तुमचा, तुमच्या बोटाला एकदा दाबून गप बसायला शिकवायचंय."